एक तास अकरा मिनिटं

१

फकिरा बांते मेला तेव्हा त्याच्या नोकरीचे चौदा दिवस उरले होते. एकतीस ऑगस्टला यार्डातली पोरं त्याला हार घालणार, शाल देणार, मग तो क्वार्टर सोडून तुमसरजवळच्या आपल्या गावी जाणार, असं सगळं ठरलेलं. रायपूरकडच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात छत्तीस वर्षं वॅगनींखाली वाकून काढलेला माणूस. बायको केव्हाच वारली, मुलगी चंदा लग्न होऊन नंदिनी नगरला, मुलगा नरेश हैदराबादला कंपनीत. घरात एकटाच होता तो.

मी पंजाबराव हटवार. सेक्शन कंट्रोलर म्हणून रिटायर झालो त्याला आठ वर्षं झाली, पण कोणती गाडी कुठं आहे हे कॉलनी अजून मलाच विचारते. मोबाइल सांगतो ते खोटं आणि पंजाबराव सांगतो ते खरं, असा इथल्या जुन्या लोकांचा समज आहे आणि तो मी मोडत नाही. कंट्रोलमध्ये माझ्या हाताखाली शिकलेली पोरं बसलीत. एक फोन केला की काम होतं.

त्या बुधवारी सकाळी साडेसहाला फकिराचाच फोन आला.

"सायेब, सिकंदराबादची गाडी कुठवर आली जी?"

मी विचारून सांगितलं, "डोंगरगड सुटली. चाळीस मिनिटं लेट हाय. कावून, कोणी येऊन राहिलं का?"

"नाही जी, असंच."

मी फोन ठेवला आणि विसरून गेलो. यार्डातला माणूस गाड्यांची चौकशी करणारच.

पावणेअकराला मागच्या गल्लीतून किंकाळी आली. फकिराकडं स्वयंपाकाला येणारी मैनाबाई ओरडत होती. मी आणि शेजारचा भैयालाल धावत गेलो. फकिरा स्वयंपाकघराच्या दारात उताणा पडला होता आणि डोक्याखाली रुळाचा तुकडा होता. आमच्याकडं घरोघरी असा वीतभर रूळ असतो, दाराला लावायला, सुपारी फोडायला. त्याच्यावर रक्त वाळलं होतं. फकिराच्या शर्टाची वरची दोन बटणं तुटून खाली पडली होती.

टेबलावर दोन कप होते. एक काठोकाठ भरलेला, त्यावर जाड साय धरलेली. दुसरा तळापर्यंत रिकामा.

म्हणजे कोणीतरी आलं होतं, निवांत बसून चहा प्यालं होतं, आणि मग फकिराला ढकललं होतं. हाच क्रम मी तेव्हा धरला, आणि तिथंच चुकलो.

२

अकरा वाजून दहा मिनिटांनी भैयालालनं नरेशला फोन लावला. वेळ मी पाहिली, कारण चौतीस वर्षं दर गाडीची वेळ लिहिल्यावर ती सवय जात नाही. नरेश फोनवर ढसाढसा रडला. "मी हैदराबादहून निघतोच काका, इमानानं येतो," एवढंच म्हणाला.

तीन वाजून पाच मिनिटांनी फकिराच्या फाटकासमोर टॅक्सी थांबली आणि नरेश उतरला. पाठीवर बॅग, डोळे लाल. अख्खी कॉलनी चाट पडली. आमच्या लोकांना रेल्वेचा पास मिळतो, त्यामुळं काशीला जायचं असो की कन्याकुमारीला, आम्ही गाडीनंच जाणार. विमान आम्ही पाहतो ते फक्त डोक्यावरून जाताना. जिथून यायला पंधरा तास लागतात तिथून पोरगा चार तासांत दारात उभा!

"पाहा जी, इमान होतं म्हनून पोरगा आजच्या आज बापापाशी आला," माझी बायको अंजनाबाई पदर डोळ्याला लावत म्हणाली.

संध्याकाळी पोलिसांनी मैनाबाईला नेलं. इन्स्पेक्टर रूपेश साहू मराठी समजणारा, शांत माणूस आहे. मला म्हणाला, "काकाजी, डॉक्टर सांगतात, मार आठ ते साडेनऊच्या मधी लागला. त्यानंतर तासभर तरी माणूस जिवंत होता. बाई रोज नऊला येते. दोन कप आहेत. रिटायर होऊन हा गावी जाणार, हिचं काम सुटणार. बोलाचाली झाली असेल, हिनं ढकललं असेल. नऊ वाजता कुठं होती याचा तिच्याकडं साक्षीदार नाही."

त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती, आणि म्हणूनच मला ते टोचत होतं. मैनाबाईला मी वीस वर्षं ओळखतो. नवरा गेल्यावर चार घरचा स्वयंपाक करून तिनं मुलगी शिकवली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी, दामिनी, माझ्या ओट्यावर आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"काका, माय म्हनते, तू पेपर दे, माया नाद सोड. तिनं तं आशाच सोडून देली. तुमी कंट्रोलचे सायेब ना? कोन कुठं होतं ते तुमालेच समजते. मायीले सोडवा."

आणि मी, शहाणा, तिला हो म्हणून बसलो.

३

ठाण्यात मैनाबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"मैनाबाई, रोज नऊले जातेस. त्या दिवशी पावनेअकरा कावून झाले?"

"खमरछठ होती ना जी. पसहरचे तांदूळ आनाले पावर हाउसच्या बजारात गेली होती. त्या गर्दीत कोन पायते मले?"

खमरछठ हा इकडच्या बायकांचा मुलांच्या आयुष्यासाठीचा उपास. त्या दिवशी नांगर न लागलेला तांदूळ खायचा, आणि गाईचं दूध वर्ज्य. मैनाबाई गोंदियाकडची, पण इकडं आली आणि इकडचे उपास धरू लागली.

"मंग त्या दिवशी दादासंगं चहा घेतला का?"

"गाईच्या दुधाले शिवत बी नाही मी त्या दिवशी. अन् रोज चहा मीच बनवते जी. दादा आपल्यासाठी कधीच बनवे नाही, मी येवावरी तसाच बसून राहे. पाहुना आला तरच सोता गॅसजवळ जाये. म्हने, घरच्या पाहुन्याले आपल्या हातचा चहा पाहिजे."

तर पाहुणा होता, आणि तोही घरचा. माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते जावयाचं. आदल्याच दिवशी धर्मेंद्र गावच्या जागेवरून सासऱ्याच्या दारात तमाशा करून गेला होता आणि तो सगळ्या गल्लीनं ऐकला होता.

बस धरून नंदिनी नगरला गेलो. धर्मेंद्र चुनखडीच्या खाणीत कामाला आहे. मला पाहूनच भडकला.

"हो, भांडलो. नाही म्हनत नाही. पन बुधवारी सहाले खाणीत पंच केलं अन् दोनले सुटलो. शिफ्ट इनचार्जले विचारा. अन् काका, सासऱ्यानं मले चहा देला असता का? दार बी उघडलं नसतं."

इनचार्जला विचारलं. खरं निघालं.

चंदा आतून रडत बाहेर आली. "काका, मैनाबाईनं नाही केलं. बाबा तिले बहीन मानत होते. नरेशले बी मी तेच म्हनलं, तर तो म्हने, पोलिसाच्या मधात पडू नको."

बसमध्ये परत येताना माझ्या हातात काहीच नव्हतं. घरच्या पाहुण्यांत उरला होता एक नरेश, आणि तो त्या वेळी पंधरा तास लांब, हैदराबादला होता.

४

आमच्या कॉलनीत एक रिवाज पडला आहे. माणूस नोकरीत असताना गेला की तेरवीच्या आत अनुकंपेचा अर्ज भरायचा, म्हणजे बापाच्या जागी मुलाला नोकरी मिळते. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला काही सुचत नाही, म्हणून तो अर्ज शेजारच्या वडीलधाऱ्यानं भरायचा. असे चाळीस-बेचाळीस अर्ज माझ्या अक्षरात गेलेत.

सातव्या दिवशी नरेश कागद घेऊन माझ्या ओट्यावर आला. डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला. मला त्याची दया आली. लहानपणी माझ्याच मांडीवर बसून तो गाड्यांचे नंबर पाठ करायचा.

"हैदराबादची नोकरी सोडशीन का रे?"

"सोडून देतो काका. आता इथंच राहीन."

मी भरत गेलो. मृताचे नाव, पद, मृत्यूची तारीख, सेवानिवृत्तीची तारीख. लिहिता लिहिता सहज विचारलं, "इमानानं किती वेळ लागते रे?"

"पाचशे एक्केचाळीस किलोमीटर, काका. एक तास अकरा मिनिटं."

मला बरं वाटलं. रेल्वेवाल्याचं पोर, मिनिटात बोलतं.

तो गेल्यावर मी जुना ग्राफपेपर काढला. कंट्रोलमध्ये आम्ही असाच कागद वापरायचो. आडवे तास, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. जितकी गाडी वेगात, तितकी रेघ उभी. विमानाची रेघ कशी दिसते ते एकदा पाहावं, एवढीच हौस.

अकरा दहाला फोन. घरून विमानतळ एक तास, बारा दहा. विमान एक तास अकरा मिनिटं, एक एकवीस. रायपूर विमानतळावरून चरोद्याला टॅक्सीनं सव्वा तास, दोन छत्तीस. इकडंतिकडं जवळपास अर्धा तास गेला धरा, तीन वाजून पाच. रेघ अशी बसली की साहेबानं पाठ थोपटली असती.

मग नजर अर्जावर गेली. मृत्यू सतरा ऑगस्ट, सेवानिवृत्ती एकतीस ऑगस्ट. फकिरा आणखी पंधरा दिवस जगला असता तर या अर्जाला काही अर्थच नव्हता.

पेन्सिल हातातच राहिली. असलं मनात आल्याची मला लाज वाटली. आणि मनात येऊन उपयोग काय? समोरची रेघ सांगत होती की पोरगा अकरा दहापर्यंत हैदराबादलाच होता. रेघेवर मी जन्मभर विश्वास ठेवला होता.

५

भैयालालची मुलगी खुशबू रायपूरच्या विमानतळावर सामानाच्या काउंटरला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीची वाट पाहत फाटकात उभी होती. मी तिला ग्राफपेपर दाखवला. खरं सांगायचं तर मिरवायलाच गेलो होतो.

ती हसली. "अंकल, ये क्या बनाया? इमान म्हनजे लोकल हाय का, शिटी वाजली अन् धावत जाऊन डब्यात चढले?"

"म्हनजे?"

"म्हनजे काउंटर एक घंटा पहले बंद. उसके बाद राजा भी आए तो नहीं लेते. मंग सेक्युरिटी, मंग बसून राहा. और ये एक घंटा ग्यारह मिनट किसने बोला?"

"नरेशनं."

तिनं मोबाइल काढला, दोन्ही विमानतळांची नावं टाकली आणि पडदा माझ्यापुढं धरला. दोन शहरं, त्यांच्यामध्ये एक सरळ रेघ. खाली लिहिलं होतं, अंतर ५४१ किलोमीटर, प्रवासाचा वेळ १ तास ११ मिनिटं.

"ये तो नक्शे पे स्केल रखके निकाला हुआ टाइम है, अंकल. रनवेपर्यंत जानं, लाइनीत उभं राहनं, चक्कर मारून उतरनं, यात काहीच नाही. तिकिटावर कधी बी सवा-डेढ़ घंटा लिहून राहते." मग तिचं हसू गेलं. "जो बैठके आया है ना, वो ऐसा बोलताच नाही. वो बोलेगा, इतने बजे उड़ा, इतने बजे उतरा. किलोमीटर कोण सांगते?"

मी तिथंच, फाटकाच्या खांबावर कागद ठेवून, पुन्हा मांडलं. बारा दहाला विमानतळावर पोचला. काउंटरचा एक तास, एक दहा. विमानाचे कमीत कमी सव्वा तास, दोन पंचवीस. उतरून बाहेर यायला वीस मिनिटं, पावणेतीन. टॅक्सी सव्वा तास, चार. विमान त्याच्याचसाठी धुराडं पेटवून उभं होतं असं धरलं तरी चारच्या आत तो चरोद्याला पोचत नव्हता. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेला माणूस हैदराबादहून आलाच नव्हता.

पोरगं जन्मभर पासावर फिरलं. विमानात कधी बसलं नाही, म्हणून त्यानं विमान गाडीसारखं चालवलं. आणि मीही त्याच कॉलनीतला, म्हणून मला ते पटलं.

"मंग थो होता कुठं, अंकल?" खुशबूनं विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. आठ दिवसांपासून माहीत होतं. 'नाही जी, असंच.' चौतीस वर्षं कंट्रोलचा फोन माझ्या कानाला होता, आणि या कॉलनीतला बाप गाडी कुठवर आली हे कधी विचारतो, हे मला कळू नये? पोर गाडीत असलं की विचारतो. दुसरं काही कारण नसतं.

मी कागदावर दुसरी रेघ ओढली, हैदराबादकडून येणाऱ्या त्या सिकंदराबादच्या गाडीची. डोंगरगड साडेसहा. पावर हाउस स्टेशन सात पन्नास. तिथून ऑटोनं चरोदा, आठ वीस. डॉक्टरनं सांगितलेल्या वेळेत ती रेघ बरोबर फकिराच्या दारात जाऊन थांबली.

६

त्याच दुपारी मी नरेशला सहीसाठी बोलावलं. आतल्या खोलीत इन्स्पेक्टर रूपेश साहू बसला होता, दार लोटलेलं. अंजनाबाईला मी मंदिरात पाठवून दिलं होतं. तिच्यानं हे ऐकवलं नसतं.

नरेशनं पेन उचललं. मी अर्जावर हात ठेवला.

"सही मंग कर. आधी सांग, कोणत्या इमानानं आलास?"

"म्हनजे?"

"नंबर काय होता? किती वाजता उडालं?"

"काका, त्या दिवशी मले होश होता का?"

"किलोमीटर तर आठवतात. पाचशे एक्केचाळीस."

मी ग्राफपेपर त्याच्यापुढं सरकवला. रेघा कशा वाचायच्या हे त्याला मीच शिकवलं होतं, तेव्हा समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या रेघेवर त्यानं बोट फिरवलं, मग दुसरीवर. बोट पावर हाउसपाशी थांबलं.

"तुमाले कसं समजलं?"

"तुया बापानं गाडी विचारली होती मले. साडेसहाले."

"मी त्याले म्हनलं होतं, कोनाले सांगू नको." तो पुटपुटला.

"त्यानं नाहीच सांगितलं. फक्त गाडी विचारली."

मग तो फुटला. नोकरी आठ महिन्यांपूर्वीच गेली होती. बापाला म्हणायला आला होता की रिटायर होऊ नका, आजाराचं सोंग करा, मेडिकल अनफिट व्हा, मग जागा मला मिळेल. फकिरा म्हणाला, छत्तीस वर्षं इमानदारीनं काढली, आता जाता जाता खोटं बोलणार नाही. तू गावाला चल, दोघं मिळून काहीतरी करू.

"मी कॉलर पकडली, काका. ढकललं. एवढंच. मारायचं नव्हतं, देवाशपथ. थो पडला अन् डोकं रुळावर आपटलं. मी फोन काढला, एकशे आठ लावनारच होतो. दोन आकडे दाबले बी होते."

"मंग?"

नरेशनं अर्जाकडं पाहिलं. सेवानिवृत्तीच्या तारखेवर माझं बोट होतं.

"मंग मनात आलं, चौदाच दिवस उरले." त्यानं पेन खाली ठेवलं. "त्याचा श्वास चालू होता. एकदा पानी मांगितलं त्यानं. मी खुर्चीवर बसलो. किती वेळ बसलो मले नाही माहीत. समोर चहा होता, थो पेलो."

दोन कपांचा क्रम मला तेव्हा कळला. तो चहा ढकलण्याच्या आधी प्यालेलाच नव्हता. आतलं दार उघडलं आणि रूपेश साहू बाहेर आला. नरेशनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अकरा दहाला भैयालालचा फोन त्यानं पावर हाउसच्या एका लॉजमध्ये उचलला होता, आणि विमानाला किती वेळ लागतो ते तिथंच बसून मोबाइलवर शोधलं होतं, हे नंतर पोलिसांनी काढलं.

मैनाबाई संध्याकाळी सुटली. दामिनी तिला धरून माझ्या ओट्यावर घेऊन आली. बाईनं पहिलं विचारलं ते हेच, "नरेशले जेवाले देलं का कोनी?" मला तिचा रागही आला आणि रडूही आलं. मुलांच्या आयुष्याचा उपास धरणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार!

अंजनाबाईनं चहा आणला. मी कप बाजूला सारला. त्या दिवसापासून मी चहा सोडला आहे, आणि कॉलनीत कोणी गाडी विचारली तर मोबाइलवर पाहा म्हणतो. लोकांना वाटतं, म्हातारा तिरसट झाला. त्यांना मी काय सांगू? रात्रभर प्रवास करून येणाऱ्या पोराला गरम चहा मिळावा, म्हणून फकिरानं मला फोन केला होता. गाडी चाळीस मिनिटं लेट आहे, हे मी त्याला मिनिटाला बरोबर सांगितलं. आणि त्यानं चहा अगदी वेळेवर ठेवला.